घरच्या धंद्याची कंपनी करायची का? नागपूरच्या गृहउद्योगांसाठी प्रोप्रायटरशिप, भागीदारी आणि प्रायव्हेट लिमिटेडचा हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये नागपूर आणि दिल्लीच्या हल्दीराम कुटुंबांचा पाकीटबंद खाद्यपदार्थांचा व्यवसाय एका कंपनीखाली आला. सिंगापूरच्या टेमासेकने त्यात हिस्सा घेतला आणि कंपनीची किंमत किती, याची देशभर चर्चा झाली. पण याच नावावरून कुटुंबाच्या दोन शाखांमध्ये जुना वाद होता. त्या वादातला एक मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि तो घरून मसाले, फराळ किंवा केक विकणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. प्रश्न साधा होता: फर्म नोंदवलेलीच नसेल, तर तिला कोर्टात दावा करता येतो का?

नागपुरात मानेवाडा असो, नंदनवन असो की प्रतापनगर, घरून चालणारे धंदे गल्लोगल्ली दिसतात. सावजी मसाला, सांडगे-कुरड्या, दिवाळीचा फराळ, डबे, शिवणकाम, शिकवण्या. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून होते. ऑर्डरी वाढल्या की मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात: 'आजच प्रायव्हेट लिमिटेड करा, कर वाचवा, ब्रँड बनवा.'

यातला 'कर वाचवा' हा भाग लहान धंद्यांसाठी २०२५ नंतर बहुतेक वेळा उलटा ठरतो. मग कंपनी कधी करावी आणि कधी करू नये, हे एकेक करून पाहू.

आधी हे समजून घ्या: परवाना वेगळा, रचना वेगळी

'माझं रजिस्ट्रेशन झालंय' असं अनेक जण सांगतात. विचारलं तर हातात असतं उद्यम प्रमाणपत्र किंवा गुमास्ता. हे कागद कामाचेच आहेत, पण धंद्याची कायदेशीर रचना त्यांनी ठरत नाही.

रचना म्हणजे धंद्याचा मालक कोण, कर्ज कुणाच्या डोक्यावर आणि नफा कुणाचा, याचं उत्तर. प्रोप्रायटरशिप, भागीदारी, एलएलपी, वन पर्सन कंपनी आणि प्रायव्हेट लिमिटेड हे त्याचे मुख्य प्रकार.

परवाने आणि नोंदण्या रचना कोणतीही असली तरी लागू शकतात. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ खाली एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. पाकिटावर दिसणारा १४ अंकी क्रमांक तोच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती त्या एजंटची फी आहे, सरकारची नाही.

एकटीचा धंदा: काहीच केलं नाही तरी रचना असतेच

तुम्ही एकट्याने धंदा सुरू केलात आणि कुठेही काही नोंदवलं नाही, तरी कायद्याच्या नजरेत तुमची प्रोप्रायटरशिप सुरू झालेली असते. तिच्यासाठी वेगळा कायदा नाही, वेगळं निबंधक कार्यालय नाही. धंद्याचा पॅन म्हणजे तुमचाच पॅन. दुकानाला नाव काहीही द्या, कायद्यापुढे तुम्ही आणि धंदा एकच.

याचा फायदा असा की सुरू करणं सोपं आणि बंद करणंही सोपं. उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप अ‍ॅक्टची पावती दाखवून बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडता येतं. मुद्रा योजनेचं विनातारण कर्जही मिळू शकतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. तरुण गटाचं कर्ज घेऊन ते फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २० लाख आहे.

तोटाही त्याच कारणातून येतो. धंद्याची उधारी ही तुमची वैयक्तिक उधारी. माल घेऊन पैसे थकले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर वसुली फक्त गल्ल्यातून होत नाही. तुमच्या नावावरची गाडी, ठेव, घरसुद्धा त्यात येऊ शकतं. शिवाय मालकाचं निधन झालं की धंदा कायद्याने तिथेच थांबतो. वारसांना मालमत्ता मिळते, पण परवाने आणि खाती नव्याने करावी लागतात.

कर नेमका कुणाला जास्त?

जाहिरातींचं गणित इथेच चुकतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. पण ही सवलत निवासी व्यक्तीला आहे. भागीदारी फर्मला नाही, एलएलपीला नाही, कंपनीलाही नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरून मसाले विकून वर्षाला २० लाखांची विक्री होते आणि खर्च वजा जाता ६ लाख नफा उरतो. दुसरं उत्पन्न नाही.

प्रोप्रायटरशिप असेल तर हे ६ लाख मालकाचं उत्पन्न. कर शून्य.

दोघांची भागीदारी असेल तर फर्मवर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. त्याआधी भागीदारांना करारानुसार मोबदला देता येतो. पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर त्याची मर्यादा ३ लाख किंवा ९० टक्के, यातली जी जास्त असेल ती. म्हणजे इथे ५ लाख ४० हजार मोबदला जाईल, उरलेल्या ६० हजारांवर १८,७२० रुपये कर लागेल. १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक भर पडली आहे. एका भागीदाराला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त मोबदला किंवा व्याज दिलं तर फर्मला १० टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. आपल्या उदाहरणात ही रक्कम ५४ हजार होईल. रिटर्न भरल्यावर ती परत मिळेल, पण तोपर्यंत तेवढे पैसे धंद्याबाहेर अडकतील.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकाला ६ लाख पगार दाखवून कंपनीचा नफा शून्यावर आणता येतो आणि कर वाचतो. पण प्रोप्रायटरला तो न भरताच वाचला होता. कंपनीत मात्र ऑडिटरची फी आणि वार्षिक फॉर्म भरण्याचा खर्च वर चढतो. नफा कंपनीतच ठेवला तर सवलतीच्या दरानेही अधिभार आणि उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के कर लागतो. पुढे तोच नफा लाभांश म्हणून घरी आणला की तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजला जातो.

प्रोप्रायटरला आणखी एक सोय आहे, अंदाजित उत्पन्नाची. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर सविस्तर हिशोबवह्या न ठेवता विक्रीच्या किमान ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतो. पैसे यूपीआय किंवा बँकेतून आले असतील तर त्या विक्रीवर ६ टक्के पुरतात. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, हे विसरू नका. ही सोय भागीदारी फर्मलाही आहे, एलएलपी आणि कंपनीला नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या व्हिडिओत सांगितलेला कलम क्रमांक नव्या कायद्यात तसाच शोधू नका.

यातून एक निष्कर्ष निघतो. धंद्याचा आणि इतर मिळून वर्षाचा नफा १२ लाखांच्या आत असेल, तर फक्त करासाठी कंपनी करण्याचं कारण उरत नाही. मात्र घरभाडं, पगार, व्याज हे सगळं त्याच १२ लाखांत मोजलं जातं. नोकरी करून धंदा करणाऱ्यांनी हिशोब त्याप्रमाणे मांडावा.

मग कंपनी करायची तरी कशासाठी?

कारण कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिचं कर्ज तिचं, तिची मालमत्ता तिची. भागधारकाने भांडवल म्हणून जेवढे पैसे टाकायचं कबूल केलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. याला मर्यादित दायित्व म्हणतात.

हे संरक्षण मोठं आहे. पण जाहिरातीत दिसतं तेवढं नाही. त्याला दोन मोठी भोकं आहेत.

पहिलं, बँक. लहान कंपनीला कर्ज देताना बँक साधारणपणे संचालकांची वैयक्तिक हमी मागते. एकदा हमीवर सही केली की कंपनी बुडाली तरी बँक संचालकाच्या दारात येऊ शकते. २१ मे २०२१ च्या ललित कुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. दिवाळखोरी प्रक्रियेत कंपनीचं कर्ज मार्गी लागलं म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही.

दुसरं, गुन्हा. अन्न सुरक्षा कायद्यात कंपनीने नियम मोडला तर त्या वेळी कामकाजाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीवरही कारवाई होऊ शकते. भेसळीच्या आरोपापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' ही पाटी ढाल होत नाही.

मग संरक्षण उरतं कुठे? पुरवठादारांची उधारी, भाड्याचे करार, मोठ्या ऑर्डरमधला तोटा आणि ग्राहकांचे नुकसानभरपाईचे दावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे. घरात दहा डबे बनवणाऱ्यापेक्षा रोज पाचशे लोकांना जेवण पुरवणाऱ्यासाठी हा धोका किती तरी मोठा असतो.

याशिवाय बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायचा असेल तर कंपनी हवीच, कारण प्रोप्रायटरशिपमध्ये शेअर नावाची गोष्ट नसते. स्टार्टअप इंडियाची मान्यताही प्रोप्रायटरशिपला मिळत नाही.

कंपनी उघडणं सोपं, सांभाळणं महाग

कंपनीची नोंदणी आता घरबसल्या होते. देशभरातले अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात तपासले जातात. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर केंद्र सरकारचं नोंदणी शुल्कही नाही, मुद्रांक शुल्क वेगळं. म्हणूनच 'एवढ्या कमी पैशांत कंपनी' अशी जाहिरात करता येते.

खर्च नंतर सुरू होतो. कंपनीची विक्री शून्य असली तरी दरवर्षी सीएकडून ऑडिट करून घ्यावंच लागतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये जादा शुल्क, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म एक वर्ष राहिले तर ७३ हजार रुपये होतात. महाराष्ट्रात कंपनीला आणि तिच्या संचालकाला प्रत्येकी वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय करही आहे.

सलग तीन वर्षं विवरण भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. हे कागदावरचं भय नाही. २०१७ मध्ये केंद्राने दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्या नोंदवहीतून काढल्या आणि तीन लाखांहून जास्त संचालकांना अपात्र ठरवलं. कंपनी स्वतःहून बंद करायची तरी अर्जाचं शुल्क १० हजार रुपये आहे आणि त्याआधी थकलेले फॉर्म भरावे लागतात.

एकट्या व्यक्तीसाठी वन पर्सन कंपनीचा पर्याय २०१३ च्या कंपनी कायद्याने आणला. मालक एक, सोबत एक नामनिर्देशित व्यक्ती. पूर्वी उलाढाल २ कोटींच्या वर गेली की तिचं रूपांतर सक्तीचं होतं, १ एप्रिल २०२१ पासून ती अट गेली. मर्यादित दायित्व हवंय पण भागीदार नको, अशांना ती सोयीची. ऑडिट मात्र तिलाही चुकत नाही.

एलएलपी हा मधला मार्ग. किमान दोन भागीदार लागतात, दायित्व मर्यादित असतं, आणि उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर जाईपर्यंत एलएलपी कायद्याखाली ऑडिट सक्तीचं नसतं. दर वर्षी ३० मे आणि ३० ऑक्टोबरच्या आत दोन फॉर्म भरायचे असतात. कर मात्र भागीदारी फर्मसारखाच, ३० टक्के अधिक उपकर.

दोघी मिळून धंदा करताय? खरी घाई इथे आहे

एकटीच्या धंद्यात रचना बदलायला वेळ असतो. दोघींच्या धंद्यात नसतो. कारण दोन मैत्रिणींनी, नणंद-भावजयीने किंवा दोन भावांनी नफा वाटून घ्यायचं ठरवून धंदा सुरू केला, की कागद केला नसला तरी कायद्याने ती भागीदारी ठरू शकते. आणि कागद नसेल तर भारतीय भागीदारी कायदा १९३२ स्वतःचे नियम लावतो.

त्यातले तीन लक्षात ठेवा. एक, काही ठरलं नसेल तर नफा समान वाटायचा. एकीने २ लाख घातले आणि दुसरीने २० हजार, तरीही. दोन, काही ठरलं नसेल तर कामाचा मोबदला नाही. एक जण पहाटे पाचपासून राबते आणि दुसरी फक्त हिशोब बघते, तरीही वेगळा पगार मागता येत नाही. तीन, धंद्याच्या नेहमीच्या कामात एकीने केलेली उधारी दुसरीलाही बांधते, आणि देणेकरी पूर्ण रक्कम दोघींपैकी कुणाकडूनही मागू शकतो.

नोंदणीचा प्रश्न त्यापुढचा. भागीदारी फर्मची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. पण कलम ६९ म्हणतं की नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून मिळालेल्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा करता येत नाही. म्हणजे इतवारीच्या एखाद्या दुकानदाराने तुमच्या फराळाचे ८० हजार बुडवले, तर कोर्टात तो पहिला प्रश्न विचारेल: फर्म नोंदवली आहे का? तो मात्र तुमच्यावर दावा करू शकतो.

हल्दीरामच्या वादात हेच झालं. कुटुंबाची जुनी भागीदारी १९७४ मध्ये संपली तेव्हा नावाचे हक्क वाटले गेले. पश्चिम बंगाल एका शाखेकडे, उरलेला देश दुसऱ्या शाखेकडे. १९९१ मध्ये बंगालच्या शाखेकडून दिल्लीत करोल बागेत दुकान सुरू झालं. चांदणी चौकातल्या फर्मने दावा लावला. समोरून उत्तर आलं की तुमची फर्म नोंदणीकृतच नाही, दावा फेटाळा.

हा एक मुद्दा सर्वोच्च न्यायालयात सुटेपर्यंत २००० साल उजाडलं. न्यायालयाने सांगितलं की ट्रेडमार्कचा हक्क कराराने नाही, कायद्याने मिळतो, म्हणून कलम ६९ त्याच्या आड येत नाही. फर्म वाचली. पण दावा ट्रेडमार्कचा नसून थकलेल्या बिलाचा असता तर ती पळवाट मिळाली नसती.

महाराष्ट्रात तर १९८४ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक केला होता. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला धंदा मोडताना हिशोब मागायलाही कोर्टात जाता येत नव्हतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आज फर्म मोडून हिशोब मागता येतो. बाहेरच्या माणसाकडून बिल वसूल करायला मात्र नोंदणी हवीच. ती दावा लावण्याआधी केली तरी चालते, पण थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

करारात काय लिहावं? कुणी किती भांडवल घातलं, नफ्याचा वाटा, कामाचा मोबदला, बँकेत सही कुणाची, किती रकमेपुढची खरेदी दोघींच्या संमतीने, आणि एक जण बाहेर पडली तर हिशोब कसा. आजच्या धंद्यात आणखी एक गोष्ट हवी: इन्स्टाग्राम पेज, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर आणि ब्रँडचं नाव कुणाकडे राहील. दोनच भागीदार असतील तर एकीच्या निधनानंतर फर्म उरतच नाही, म्हणून तेव्हा काय करायचं तेही लिहून ठेवा.

दहा-बारा जणी असतील तर?

बचत गट कर्ज आणि सरकारी योजनांसाठी उपयोगी असतो, पण साधा नोंदणी नसलेला गट कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतो. मोठा करार करायचा, मालमत्ता घ्यायची, तर पुढची रचना लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खालची सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी हे त्यातले मार्ग.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६६ मध्ये नोंदणी केली ती कंपनी म्हणून नाही, तर संस्था नोंदणी कायदा १८६० खाली. काम करणारी प्रत्येक बहीणच मालक, ही त्यामागची कल्पना. बाहेरचा भागधारक आणायचा नव्हता, म्हणून शेअर असलेली रचना त्यांना नकोच होती. आधी नफा कुणाचा ते ठरलं, मग कायदा निवडला.

जीएसटी रचनेवर नाही, सीमेवर ठरतो

'कंपनी केली की जीएसटी लागतो' हाही गैरसमज आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, रचना कोणतीही असो. मसाला ही वस्तू, डबा पुरवणं ही सेवा. दोन्ही करत असाल तर २० लाखांची मर्यादा धरा.

नागपूरकरांनी मात्र नकाशा बघायला हवा. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट जवळ आहेत, पण मध्य प्रदेशात आहेत. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सूट आहे. पापडासारख्या करमुक्त वस्तूच फक्त विकत असाल तर हा प्रश्न येत नाही. मसाल्याचं एक पार्सल छिंदवाड्याला बिल करून पाठवलं तर येतो.

ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणारे लहान विक्रेते पूर्ण नोंदणीऐवजी फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन विकू शकतात.

नाव वाचवायला कंपनी लागत नाही

ब्रँडसाठी कंपनी करतो, असंही अनेक जण म्हणतात. पण कंपनीचं नाव नोंदवणं म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. ट्रेडमार्क प्रोप्रायटरही घेऊ शकतो. व्यक्ती आणि उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. हल्दीरामची लढाई नावासाठी होती, हे लक्षात घेतलं तर खर्च आधी कुठे करावा ते कळतं.

उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली तर खरेदीदाराने करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. १ एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीवर मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. उद्यम आधी करा, माल नंतर पाठवा. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

मग ठरवायचं कसं?

एकटे आहात, नफा १२ लाखांच्या आत आहे, मोठी उधारी नाही: प्रोप्रायटरशिप पुरेशी आहे. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, उद्यम करा, लागू असेल तर एफएसएसएआय करा आणि नावावर ट्रेडमार्कचा अर्ज टाका.

एकटे आहात, पण माणसं कामावर आहेत, लाखोंची उधारी चालते किंवा रोज शेकडो लोकांना खाऊ घालता: वन पर्सन कंपनीचा विचार करा. सीएचा वर्षाचा पूर्ण खर्च आधी लेखी मागून घ्या.

दोघं किंवा जास्त आहात: आजच करार लिहा, मुद्रांक लावा आणि फर्म नोंदवा. एकमेकांच्या उधारीचा धोका नको असेल तर एलएलपी. कुणी गुंतवणूकदार पैसे घालायला तयार असेल तर प्रायव्हेट लिमिटेड.

आज घेतलेला निर्णय कायमचा नसतो. प्रोप्रायटरशिपची पुढे कंपनी करता येते. सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडे दिली, मोबदला फक्त शेअरमध्ये घेतला आणि किमान ५० टक्के मतदानाचा हक्क पाच वर्षं आपल्याकडे ठेवला, तर हस्तांतरावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. उलट दिशेने, कंपनी गुंडाळून परत एकट्याच्या धंद्यावर येणं वेळखाऊ आणि खर्चिक आहे. म्हणून पुढची दिवाळी येण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा: वर्षाचा खरा नफा, बाजारातली उधारी आणि धंद्यात वाटा असलेली माणसं. सीएकडे जाताना तोच कागद सोबत न्या.